‘रन’ म्हणजे फक्त पळणं नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्रजीतला हा एवढासा शब्द. पहिलीतल्या पोराला पण येतो, आणि वीस वर्षं इंग्रजीत काम करणारा माणूस पण त्याच्यापायी कधीतरी तोंडावर पडतोच. लोक जे प्रश्न परत परत विचारतात ते इथे एकत्र केलेत. क्रम असा काही नाही, जे आठवलं तसं लिहीत गेलोय.

एका शब्दावर आख्खं पान? काहीही काय!

काहीही नाही. ऑक्सफर्डच्या मोठ्या डिक्शनरीवाल्यांनी ‘रन’ हे क्रियापद नव्याने लिहायला घेतलं तेव्हा त्याचे ६४५ अर्थ निघाले, आणि हे नुसत्या क्रियापदाचे बरं का, नाम म्हणून जो ‘रन’ येतो तो वेगळाच. पीटर गिलिव्हर नावाचे संपादक या एका शब्दावर नऊ महिने बसले होते. २०११ मध्ये ही बातमी बरीच गाजली होती.

पण सगळ्यात जास्त अर्थ ‘सेट’चे असतात असं शाळेत सांगितलेलं?

बरोबर सांगितलेलं, फक्त आता जुनं झालं. १९८९ च्या आवृत्तीत ‘सेट’च पहिला होता, ४३० च्या आसपास अर्थ आणि नुसत्या त्या नोंदीचेच जवळपास ६०,००० शब्द. नंतर ‘रन’ पुढे गेला. कारण साधं आहे. ‘सेट’ म्हणजे ठेवणं, मांडणं, बसवणं, त्याचे अर्थ बरेचसे जागच्या जागी आहेत. ‘रन’ला मात्र यंत्रं मिळाली. घड्याळ रन होतं, इंजिन रन होतं, आगगाडी रन होते, मग वीज आली, पेट्रोल आलं, कॉम्प्युटर आला, आणि जे जे नवीन आलं त्याला इंग्रजीने हाच शब्द चिकटवला. जग जितकं यांत्रिक होत गेलं तितका हा शब्द फुगत गेला.

मुळात अर्थ काय होता, पळणं ना?

पळणं होतंच, पण वाहणंसुद्धा तितकंच जुनं आहे. जर्मन भाषा या बाबतीत जास्त नीटनेटकी, तिथे ‘रेनन’ म्हणजे पळणं आणि ‘रिनन’ म्हणजे पाझरणं, वाहणं असे दोन वेगळे शब्द अजून आहेत. इंग्रजीत दोन्ही एकाच डबक्यात गेले. म्हणून नदी पण रन होते, नाक पण, नळ पण, आणि घोडा पण. चीज करताना दूध फाटायला जे घालतात त्या रेनेटचं नाव सुद्धा याच घराण्यातलं आहे, दुधाला एकत्र ‘पळवतं’ म्हणून.

हे एकदा डोक्यात बसलं ना की निम्मे अर्थ आपोआप सुटतात. कुठलाही अनोळखी ‘रन’ दिसला की आधी विचारा, हे पळतंय का वाहतंय. दोन्हीत बसत नसेल तर तिसरी चावी पुढच्या प्रश्नात.

मग मराठीत ‘रन’ला काय म्हणायचं?

हा माझा आवडता प्रश्न. बघा, इंग्रजीत धंदा पळतो, आपल्याकडे धंदा चालतो. त्यांची मशीन पळते, आपली चालते. त्यांचं घड्याळ पळतं, आपलं चालतं (आपलं घड्याळ पळालं म्हणजे ते पुढे गेलं, म्हणजे बिघडलं). त्यांचं नाटक दोन वर्षं पळतं, आपलं दोन वर्षं चालतं. घर कोण पळवतं असं विचारलं तर आपल्याकडे पोलीस येतील, घर चालवतात. थोडक्यात इंग्रजी जिथे धावते तिथे मराठी सावकाश चालते, आणि कामं दोघींची होतातच.

म्हणून भाषांतर करणाऱ्यांना माझं एकच सांगणं असतं, ‘रन’ दिसला की हात आपोआप ‘धावणे’वर जातो तो मागे घ्या आणि आधी ‘चालणे’ लावून बघा. दहातल्या सहा वेळा तेच बसतं. उरलेल्या वेळा ‘वाहणे’, ‘सुटणे’, ‘जाणे’, नाहीतर वाक्यच वेगळं करावं लागतं. ‘रन अ बाथ’ म्हणजे आंघोळीचं पाणी काढणं, ‘रनिंग अ फीव्हर’ म्हणजे अंगात ताप असणं, ‘रन अ रिस्क’ म्हणजे धोका पत्करणं, ‘रन अ रेड लाइट’ म्हणजे सिग्नल तोडणं. यात कोणी कुठेही पळत नाही. ‘इट रन्स इन द फॅमिली’ला तर आपल्याकडे झकास उत्तर आहे, रक्तातच आहे. परत वाहणंच आलं.

प्रोग्रॅम ‘रन’ करणं कधीपासून सुरू झालं?

यंत्र चालवणं या अर्थावरूनच ते आलं. पण लोकांच्या बोटांना सवय लावली ती बेसिक या भाषेने, अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात १९६४ मध्ये ती सुरू झाली आणि तिच्यात प्रोग्रॅम लिहून झाला की खाली चक्क ‘रन’ असं टाइप करायचं. पुढे घरगुती कॉम्प्युटर आले तेव्हा एका पिढीने हेच केलं. आता ‘रनटाइम’ म्हणजे प्रोग्रॅम प्रत्यक्ष चालू असतानाचा काळ, आणि ‘रनिंग इन द बॅकग्राउंड’ म्हणजे मागे गुपचूप चालू असणं. मराठी मेन्यूत याला ‘धावा’ लिहिलेलं मी पाहिलंय. कोणाचा धावा करायचा, देवाचा?

क्रिकेटमध्ये रन का म्हणतात?

कारण बॅट्समन खरोखर पळायचे, यात गूढ काही नाही. गंमत अशी की आधी याला ‘नॉच’ म्हणजे खाच म्हणायचे. स्कोअर लिहायचा कागद नव्हता, काठीवर सुरीने खाचा पाडायचे, जितक्या खाचा तितके रन. आणि बेसबॉलमध्ये १८४५ च्या जुन्या नियमांत रनला ‘एस’ म्हटलंय, एकवीस एस झाले की जिंकलं. म्हणजे दोन्ही खेळांत हा शब्द नंतर येऊन बसलाय.

चौकार मारला तर कोणी पळत नाही तरी रन चारच. पळण्याचा शब्द हळूहळू मोजण्याचा शब्द झाला, हे त्यातलं छान उदाहरण. मराठीने पण तेच केलं, ‘धावा’ म्हटलं की आता आकडाच आठवतो.

जखमी बॅट्समनच्या बदली पळायचा तो ‘रनर’ गेला कुठे?

आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधून ऑक्टोबर २०११ पासून बंद. बाकी ‘रनर’चे बाकीचे अर्थ जोरात आहेत: निरोप, सामान पोचवणारा पोऱ्या, अंथरलेली लांब अरुंद पट्टी, जमिनीवर पसरत जाणारी वेल, आयर्लंड-ऑस्ट्रेलियात ‘रनर्स’ म्हणजे खेळाचे बूट. अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती तेव्हा समुद्रातून चोरून दारू आणणारे ते ‘रम-रनर’. ‘गन-रनिंग’ पण तसलंच, बंदुकांची चोरटी ने-आण.

‘रन आउट’ आणि ‘रन आउट ऑफ’ यात माझा नेहमी घोटाळा होतो.

सगळ्यांचाच होतो. वस्तू कर्ता असेल तर ‘रन आउट’: मिल्क रॅन आउट, दूध संपलं. माणूस कर्ता असेल आणि वस्तूचं नाव घ्यायचं असेल तर ‘ऑफ’ पाहिजेच: आय रॅन आउट ऑफ मिल्क. ‘ऑफ’ विसरून नुसतं ‘आय रॅन आउट’ म्हणालात तर तुम्ही घराबाहेर पळालात असंही वाटू शकतं. आणि ‘आउट ऑन’ लावलं, ‘ही रॅन आउट ऑन हर’, तर तो तिला सोडून निघून गेला. एका बारक्या शब्दाने संसार मोडतो बघा.

मग इनटू, ओव्हर, डाउन, थ्रू... हे सगळं पाठच करायचं का?

पाठ करून काही होत नाही, वाक्यात भेटू द्या. ‘रन इनटू’ म्हणजे अचानक गाठ पडणं किंवा आपटणं, दोन्ही, आणि मित्र गाडीवर असेल तर दोन्ही एकदम. ‘रन ओव्हर’ म्हणजे अंगावरून गाडी जाणं, पण मीटिंग ‘रन ओव्हर’ झाली म्हणजे फक्त वेळेपेक्षा लांबली, मेलं कोणी नाही. ‘रन थ्रू’ म्हणजे भरभर नजर टाकणं, सराव करणं, आणि जुन्या गोष्टींत तलवार आरपार घालणं. ‘रन अप’ बिलाच्या बाबतीत आलं तर उधारी वाढवून ठेवणं. ‘रन इट बाय मी’ म्हणजे करायच्या आधी मला जरा सांग, विचार. साहेब लोकांचं आवडतं वाक्य.

सगळ्यात फसवं ‘डाउन’. ‘रन-डाउन’ मध्ये छोटी रेघ घालून विशेषण केलं तर थकलेला, खंगलेला, किंवा इमारत असेल तर पडायला आलेली. तेच जोडून ‘रनडाउन’ असं नाम केलं तर थोडक्यात दिलेली माहिती. आणि ‘डोन्ट रन हिम डाउन’ म्हणजे त्याला नावं ठेवू नकोस, पण बोलणारा स्टिअरिंगवर हात ठेवून बसला असेल तर मात्र अर्थ तपासून घ्या.

स्टॉकिंगमध्ये ‘रन’ आला म्हणजे काय, कोण आलं?

कोणी नाही, धागा सुटला. पातळ नायलॉनचा एक टाका तुटला की खालपर्यंत उभी रेघ सुटत जाते, तिला अमेरिकेत ‘रन’ आणि ब्रिटनमध्ये ‘लॅडर’ म्हणजे शिडी. नीट बघितलं तर खरंच शिडीसारखी दिसते. कपड्याचा रंग ‘रन’ झाला म्हणजे रंग गेला, दुसऱ्याला लागला. भिंतीवरच्या ओल्या पेंटला ‘रन’ आले म्हणजे ओघळ आले, आणि काजळ ‘रन’ झालं म्हणजे तेच, ओघळलं. हे सगळे त्या ‘वाहणे’वाल्या बाजूचे.

‘आय हॅव द रन्स’ म्हणालो तर सगळे माझ्याकडे असे का बघायला लागले?

कारण तुम्ही भर मीटिंगमध्ये सांगितलंत की तुम्हाला जुलाब झालेत. ‘द’ लावून अनेकवचन केलं की पोट बिघडलं. तुम्हाला बहुतेक क्रिकेटच्या टीमचे रन सांगायचे होते. पुढच्या वेळी ‘वी हॅव द रन्स ऑन द बोर्ड’ असं पूर्ण म्हणा, अर्धवट सोडू नका.

बँकेवर ‘रन’ म्हणजे दरोडा का?

नाही, उलट आहे. लोक स्वतःचेच पैसे काढायला धावतात. बँक आपले पैसे तिजोरीत तसेच ठेवत नाही, बराच भाग कर्जाने देते किंवा गुंतवते, त्यामुळे सगळे एकदम आले तर चांगली बँक पण उभी राहू शकत नाही, आणि ती बुडेल या भीतीने सगळे पळाले म्हणून ती बुडते, असला उफराटा प्रकार. सप्टेंबर २००७ मध्ये ब्रिटनमध्ये नॉर्दर्न रॉकच्या शाखांबाहेर लोकांच्या रांगा लागल्या होत्या, ते चित्र बऱ्याच जणांना आठवत असेल. मार्च २०२३ मध्ये अमेरिकेत सिलिकॉन व्हॅली बँकेचं झालं तेव्हा रांगा फार लागल्याच नाहीत, मोबाइलवरूनच एका दिवसात ४२०० कोटी डॉलर काढायच्या मागण्या आल्या आणि दुसऱ्या दिवशी सरकारने बँक बंद करून ताब्यात घेतली. आता ‘रन’साठी चपला पण घालाव्या लागत नाहीत.

‘बुल रन’ मी तीन ठिकाणी वाचलं, तिन्हीकडे वेगळंच काहीतरी.

हो, तिन्ही वेगळेच आहेत. शेअर बाजारात ‘बुल रन’ म्हणजे लांबलेली तेजी. स्पेनमधल्या पांप्लोना गावात ७ ते १४ जुलै रोज सकाळी ८ वाजता बैल गल्ल्यांतून सोडतात आणि लोक त्यांच्या पुढे पळतात, साधारण ८७५ मीटर, ते खरोखरचं पळणं. आणि अमेरिकन यादवी युद्धात ‘बुल रन’च्या दोन लढाया आहेत, जुलै १८६१ आणि ऑगस्ट १८६२, तिथे बैल पण नाही आणि पळणं पण नाही (शेवटी सैन्य पळालं ते सोडा). व्हर्जिनियातल्या एका ओढ्याचं नाव बुल रन आहे, अमेरिकेच्या त्या भागात ‘रन’ म्हणजे ओढा. उत्तरेकडचे लोक लढाईला जवळच्या ओढ्या-नदीचं नाव द्यायचे आणि दक्षिणेकडचे जवळच्या गावाचं, म्हणून तीच लढाई दक्षिणेत ‘मनॅसस’ म्हणून ओळखतात.

निवडणुकीत ‘रन’ की ‘स्टँड’?

अमेरिकेत उमेदवार पळतो, ब्रिटनमध्ये उभा राहतो. आपण पण उभेच राहतो, या बाबतीत आपण ब्रिटिशांच्या बाजूला. पळण्याची भाषा घोड्यांच्या शर्यतीतून आली असं बघितलं की बरंच कळतं, ‘रनिंग मेट’ हा मुळात एकाच मालकाचा दुसरा घोडा, जो पहिल्याला वेग धरायला मदत करायचा. ‘ऑल्सो-रॅन’ तर फारच निर्दयी शब्द आहे. शर्यतीचा निकाल छापताना पहिल्या तिघांनंतर ‘हे पण पळाले’ म्हणून उरलेल्यांची नावं द्यायचे. आता कुठल्याही हरलेल्याला म्हणतात.

स्लँगमध्ये काय काय आहे ते एकदा सांगून टाका.

‘रन इट बॅक’ म्हणजे परत एकदा होऊन जाऊ दे, गेम हरलेला पोरगा हेच म्हणतो. नुसतं ‘रन इट’ म्हणजे चल, करूया, लाव. ‘रन युअर माउथ’ म्हणजे नको तिथे नको तेवढी बडबड करणं. ‘रन मी माय मनी’ हे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या बोलीतून आलेलं, माझे पैसे टाक इकडे. मालकाला ईमेलमध्ये लिहू नका, कितीही पगार थकला असला तरी. ब्रिटिश ‘डू अ रनर’ म्हणजे पसार होणं, विशेष करून बिल न देता. ‘गिव्ह समवन द रनअराउंड’ म्हणजे या खिडकीवरून त्या खिडकीवर पाठवत राहणं, हा अनुभव जगात सगळ्यांना असल्यामुळे जास्त समजवत नाही.

गेमिंगवाल्यांचा ‘रन’ म्हणजे सुरुवातीपासून शेवटपर्यंतचा एक प्रयत्न, ‘धिस रन इज डेड’ म्हणजे हा डाव गेला, नव्याने चालू कर. ‘स्पीडरन’ म्हणजे तोच गेम कमीत कमी वेळात संपवणं, आणि हल्ली कोणी पटापट स्वतःचं वाटोळं करून घेत असेल तर त्याला पण म्हणतात, तो बरबादीचा स्पीडरन करतोय. पोकरमध्ये ‘रन इट ट्वाइस’ म्हणजे सगळे पैसे लावून झाल्यावर उरलेली पानं दोनदा वाटायची, म्हणजे नशीब दोन हप्त्यांत.

कॉफी रन, मिल्क रन, ड्राय रन... हे काय?

‘कॉफी रन’ म्हणजे सगळ्यांसाठी कॉफी आणायची फेरी. ‘स्कूल रन’ म्हणजे पोरांना शाळेत सोडणं-आणणं, ब्रिटनमध्ये जास्त चालतो. ‘मिल्क रन’ दुसऱ्या महायुद्धातल्या वैमानिकांच्या तोंडी होता, ज्या मोहिमेत फारसा धोका नाही ती, दूध टाकून आल्यासारखी. ‘ड्राय रन’ म्हणजे रंगीत तालीम, खरं काही पणाला न लावता केलेला सराव. या सगळ्यांना मराठीत ‘फेरी’ हा शब्द मस्त बसतो, फक्त ‘ड्राय रन’ सोडून, कोरडी फेरी म्हणालात तर लोक हसतील.

‘रन द गाँटलेट’ मध्ये हातमोजा का आहे?

नाहीच आहे. ‘रन द गाँटलेट’ म्हणजे सगळीकडून होणारा मारा सोसत जाणं. स्वीडिश भाषेत ‘गाटलोप’ असा शब्द होता, गल्ली अधिक धाव. सैनिकाला शिक्षा म्हणून दोन रांगांमधून पळवायचे आणि दोन्हीकडून फटके. सतराव्या शतकात तो इंग्रजीत आला, लोकांना अर्थ कळेना, म्हणून जवळचा ओळखीचा ‘गाँटलेट’ म्हणजे चिलखती हातमोजा त्याच्या जागी बसला. ‘रन अमोक’ (बेभान होऊन धुमाकूळ घालणं) मधला ‘अमोक’ पण बाहेरचाच, मलय भाषेतला.

‘थ्री डेज रनिंग’ म्हणजे तीन दिवस पळत होता?

सलग तीन दिवस, एवढंच. पत्त्यांत सलग पानांना ‘रन’ म्हणतात ते याच्या शेजारचंच.

‘आय हॅव रॅन’ बरोबर आहे का? खूप जण लिहितात.

खूप जण लिहितात आणि चूक लिहितात, ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे ते पण. ‘आय रॅन’, पण ‘आय हॅव रन’. ‘कम’चं पण असंच आहे, दोघं एकत्र लक्षात ठेवा.

इतके अर्थ एकाच शब्दात, त्या लोकांचा गोंधळ होत नाही का?

नाही होत, कारण कोणी शब्द सुटा ऐकत नाही, आजूबाजूचं सगळं ऐकतो. आणि आपण कुठल्या तोंडाने विचारतोय? आपलं ‘लागणे’ घ्या. भूक लागते, आग लागते, ठेच लागते, डोळा लागतो, निकाल लागतो, नोकरी लागते, नाद लागतो, दार लागतं, फोन लागत नाही, तिखट लागतं, बोलणं मनाला लागतं, तो तिचा कोण लागतो, पाऊस पडायला लागतो आणि घरी पोचायला दोन तास लागतात. माझ्या ओळखीचा एक परदेशी माणूस मराठी शिकत होता, त्याने हे सगळं ऐकून घेतलं, वहीत लिहून घेतलं, आणि मग विचारलं की ‘लागेल तेवढं घ्या’ मध्ये नक्की काय दुखतं.